झेब्र्यासारखं लाकूड, चॉकलेटसारखं चामडं

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या कारेलीबागेतला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, अल्बाट्रॉस डी.५ या पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं १/४८ स्केलचं प्लास्टिक मॉडेल बनवतोय. प्लायवुडचं धड त्याने तपकिरी रंगवलं आणि वरून बारीक ब्रशने गडद रेघा ओढल्या, तर विमानाचा झेब्रा झाला. सीटवरचं चामडं चॉकलेटच्या वडीसारखं दिसतंय. एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं पेनासारखं यंत्र, नाही आणि सध्या घेणं शक्यही नाही. “काका, नक्की कुठे चुकतंय?”

फोटो नीट बघितले. हात चांगला आहे तुझा, रेघा सरळ आल्यात, रंग कुठे ओघळलेला नाही. चुकलाय तो क्रम. तू आधी लाकडाचा रंग दिलास आणि मग त्याच्यावर लाकूड काढायला बसलास. वॉर्निश मारलेल्या लाकडात उजेड वरच्या पारदर्शक थरातून आत शिरतो, खालच्या फिक्या लाकडावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. तुझ्या धडावर तो वरच्या तपकिरी रंगालाच आपटून परत फिरतो. म्हणून ते रंगवलेलं प्लास्टिक दिसतं, कितीही रेघा मारल्यास तरी.

हे मला कुठल्या मॉडेलवाल्याने शिकवलं नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांच्या वेळचा संखेड्याचा झोपाळा आहे. सागवानाचे कातलेले खांब, मरून रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. लहानपणी मला वाटायचं सोन्याचं पाणी दिलंय. पण बसल्यावर हात जिथे टेकतो तिथली वेलबुट्टी सोनेरी नाही, चंदेरी आहे. संखेड्याचे खराडी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, नक्षी कथलाने काढतात आणि तिच्यावर लाखेचा पारदर्शक हात देतात. पिवळसर लाखेतून कथील बघितलं की सोनं दिसतं. आमच्या तीन पिढ्यांच्या हातांनी तेवढ्या जागेची लाख झिजवली आणि खालची कल्हई उघडी पडली. वर्षानुवर्षं त्यावर हात ठेवून चहा प्यायलो, पण डोक्यात प्रकाश पडला तो पहिल्या अल्बाट्रॉसच्या वेळी. खाली फिकं, वर पारदर्शक. तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या झोपाळ्याच्या हातावर आहे.

आता रेघांचं बघू. थोडं गणित कर, तुम्हा लोकांना आवडतं. तुझ्याकडचा सगळ्यात बारीक ब्रश फार तर ०.२ मिलिमीटरची रेघ काढतो. ४८ ने गुण, खऱ्या विमानावर तो जवळजवळ १ सेंटीमीटरचा पट्टा झाला. उलट, खऱ्या लाकडातली २ मिलिमीटरची रेषा तुझ्या स्केलला ०.०४ मिलिमीटर येते, डोक्यावरच्या केसापेक्षा बारीक. आणि अंतराचं काय? मॉडेल तू साधारण ३० सेंटीमीटरवरून बघतोस, म्हणजे खरं विमान साडेचौदा मीटरवरून बघितल्यासारखं. एका रविवारी तांबेकर वाड्यात जा. सगळे आतली भिंतीवरची चित्रं बघायला जातात, तू लाकूड बघ. खांबापासून मोजून वीस पावलं मागे सरक. रेषा दिसत नाहीत. एका खांबाचा रंग दुसऱ्यापेक्षा जरा उबदार, कुठे एखादा धुरकट पट्टा, हात लागून काळवंडलेला भाग, एवढंच दिसतं.

म्हणजे रेषा काढायच्याच नाहीत का? काढायच्या, पण सूचना म्हणून. नाटकात पडद्यावरचं जंगल पान-पान मोजून रंगवत नाहीत, तसं.

अल्बाट्रॉसचं धड म्हणजे हलक्या सांगाड्यावर पातळ प्लायवुडचे पत्रे ठोकून केलेलं कवच. १९१७ मध्ये डी.५ आलं. आधीच्या डी.३ च्या धडाच्या बाजू सपाट होत्या, याचं धड लंबगोल. प्लायवुडचा पापुद्रा ओंडका गोल फिरवत सोलून काढतात, शार्पनरमधून पेन्सिलीची सालपटं निघतात तसा. त्यामुळे त्यावरची नक्षी सरळ पट्ट्यांची नसते. पाण्यावरच्या तरंगांसारखी रुंद, वळणाची आणि फार फिकी असते. शिवाय प्रत्येक पत्रा वेगळ्या ओंडक्याचा, त्यामुळे शेजारच्या दोन पत्र्यांचे रंग जुळत नाहीत. हा फरक तीस सेंटीमीटरवरूनही दिसतो. रेघांपेक्षा दहापट जास्त काम तोच करतो, आणि नेमका तोच तू गाळलास. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा किटमध्ये कोरलेल्या आहेत, त्या पाळून काम कर. गाठी मात्र काढू नकोस. विमानाला लाकूड निवडून घ्यायचे, गाठ म्हणजे कमजोर जागा. गाठीगाठींचं विमान दिसलं की रंगवणाऱ्याने घरातल्या पाटाकडे बघून काम केलंय हे कळतं.

सामान फार लागत नाही. मॉडेलच्या रंगांच्या कंपन्यांपैकी टामियाचा अॅक्रिलिक ब्रशने लावायला वाईट, दुसरा हात देताना पहिला उचलून येतो. व्हॅलेहो ब्रशने छान बसतो, पण खाली प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात, हवा, नाहीतर मास्किंग टेपबरोबर सोलून निघेल. प्रायमरचा स्प्रे कॅन चालेल. त्याआधी सुटे भाग भांड्याच्या साबणाने धुऊन घे, साच्याचं तेल राहिलेलं असतं. पायाच्या थराला व्हॅलेहोचा डेक टॅन किंवा बफ, त्यात थोडी आयव्हरी, सगळ्या फिक्या छटा. लाकडातला सगळ्यात फिका भाग जसा दिसेल, त्याच्याहून एक छटा फिका ठेव. धड या टप्प्यावर आजारी, पांढुरकं दिसायला हवं. इथे हिंमत सुटते आणि माणूस तपकिरी घालतो. घालू नकोस. पातळ दोन-तीन हात दे. मग एकाआड एक पत्रे टेपने झाकून मोकळ्यांवर त्याच रंगात एक थेंब पिवळट, पुढच्याला एक थेंब तपकिरी, असे किंचित वेगळे हात दे. मधला फरक जेमतेम दिसेल इतकाच.

दुसऱ्या दिवशी वर सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीच्या, वॉर्निशचा एक हात. हा का, ते सांगतो. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, रंगावर ऑइल लावलं की ते आत मुरतं, पुसता येत नाही. सॅटिनवर चुकलं तर पुसून पुन्हा पहिल्यापासून. एअरब्रश नसलेल्या माणसाला ऑइल कलर हा मोठाच आधार आहे, कारण दोन-चार तास तो तुझ्यासाठी थांबतो.

ऑइलच्या तीन ट्यूब पुरे: रॉ सिएना, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर. आपल्या कॅमलचे आर्टिस्ट दर्जाचे घे. यलो ऑकर मोह घालतो, पण तो अंग झाकतो. सिएनातून खालचं दिसतं, आपल्याला तेच हवं. मटाराएवढा रंग खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दोन तास ठेव. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल ओढून घेतो आणि रंगाभोवती तेलाचा डाग पसरतो. हे विसरू नकोस. मी एकदा विसरलो होतो. आषाढात धड रंगवलं, बाहेर पाऊस लागून राहिलेला. गोकुळाष्टमीला सहज उचललं तर माझा अंगठा त्यावर कायमचा उमटला, रेषा-शंखासकट. खऱ्या लाकडाच्या रेषा आल्या नाहीत एवढ्या सुरेख आल्या. पावसाळ्यात आता मी तेल ओढलेल्या रंगाने रंगवलेलं धडही चार-पाच दिवस डब्यात झाकून वाळू देतो. मे महिन्यात एका रात्रीत हात लावण्याजोगा होतो.

लावायची पद्धत: जुना, केस फिस्कारलेला चपटा ब्रश घे, नवा नको. रंगात टेकव, मग कागदावर पुसून जवळजवळ कोरडा कर. एका वेळी एकच पत्रा. आधी रॉ सिएना अगदी पातळ सगळीकडे फासून घे आणि स्वच्छ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने हलकेच ओढत जा. केसांमधल्या फटी आपोआप रेषा सोडतात. तू रेषा काढत नाहीस, रंग उचलतोस, म्हणून त्या मोजलेल्या दिसत नाहीत. ओढताना मनगट किंचित हलू दे, तरंग येतात. मग बर्न्ट सिएना दोन-तीन जागीच, आणि बर्न्ट अंबर फक्त सांध्यांजवळ. शेजारच्या पत्र्यावर दिशा जराशी बदल. मन भरलं नाही तर मिनरल टर्पेंटाइनने ओलसर ब्रश, आणि पत्रा कोरा. खिडकी उघडी ठेवून बस, त्या वासाने डोकं धरतं.

हे वाळलं की लाखेचा हात. ज्यांच्याकडे एअरब्रश आहे ते टामियाचा क्लिअर ऑरेंज आणि क्लिअर यलो पातळ करून तीन-चार फवारे मारतात. ब्रशने तोच क्लिअर लावायला गेलास तर पट्टे पडतील आणि धड नारंगी गोळीसारखं होईल. तू ग्लॉस वॉर्निशमध्ये तपकिरी शाईचा एक थेंब आणि पिवळ्या शाईचे दोन थेंब घाल, रुंद मऊ ब्रशने पातळ हात दे, पूर्ण वाळू दे, मग दुसरा दे. दुसऱ्या हातानंतर धड आतून उजळल्यासारखं दिसायला लागतं. तिथेच थांबायचं, पण तिसरा हात द्यायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो. क्रॉसचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, यानंतर लाव. आधी लावलेस तर पांढरी किनार पिवळी पडेल. स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मधली टोपी, आणि नाकाजवळची धातूची झाकणं राखाडी-हिरवट असतात. ती शेवटी रंगव, त्या थंड रंगाशेजारी लाकूड दुप्पट उबदार दिसतं.

एक गोष्ट वाटेत सांगून टाकतो, कारण पुढचं किट तू मॉस्किटोचं, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानाचं, म्हणतोयस. ते लाकडी विमान खरं, पण लाकूड दिसायला नको. प्लायवुड आणि बाल्साच्या त्या कवचावर मादापोलम नावाचं तलम सुती कापड चिकटवून वर रंग देत. ते नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या गावावरून आलंय, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. तेव्हा मॉस्किटोवर लाकडाच्या रेषा काढशील तर मी बोलणं सोडेन.

प्रोपेलरला मात्र रेषा हव्यातच. तो एका ओंडक्याचा नसतो. अक्रोड, अॅश, महोगनी अशा फळ्या एकावर एक चिकटवून मग त्यातून पातं कोरतात. कोरताना थर तिरके कापले जातात आणि पात्यावर गडद-फिके पट्टे लांबट वळणं घेत जातात. ते कसे पडतात हे पाठ करू नकोस, अळूवडीचा उंडा आठव. सरळ काप दिला तर पानांचे थर दाटीवाटीने दिसतात, सुरी तिरकी धरली तर तेच थर रुंद पसरतात. पातं मधल्या दांड्याजवळ उभट असतं, तिथे बरेच थर थोड्या रुंदीत कापले जातात, म्हणून पट्टे अरुंद आणि जवळजवळ. टोकाकडे ते आडवं होत जातं, थर कमी, पट्टे रुंद. तुझ्या फोटोत सगळे पट्टे एका रुंदीचे आहेत, दाराला पडदा लावल्यासारखे. पुसून टाक. पातं फिकं रंगव, पेन्सिलीने वळणं आखून घे, एक सोडून एक पट्टा सिएनाने पातळ भर, वर तोच शाईचा वॉर्निश. दोन्ही पाती सारखी हवीत, पण आरशातल्यासारखी नकोत. मधल्या भोकाभोवती एक पातं अर्धा फेरा फिरवलं की दुसरं मिळतं, पट्टेही तसेच फिरव.

आता चामडं. याची तालीम मी कोल्हापुरी चपलेवर केली. घरात जुनी जोडी असेल तर घेऊन उजेडात बस. नवी असताना ती गव्हाळ पिवळी होती. तेल पाजून, वापरून ती तांबूस झाली. टाच जिथे बसते तिथे काळी पडलीय, आणि नीट बघ, तिथे चकाकते. पट्टा जिथे दुमडतो तिथे बारीक भेगा, त्यांच्या कडा फिक्या. तळाची कापलेली कड सगळ्यात फिकी, आतलं चामडं उघडं पडलेलं. म्हणजे अंग घासतं तिथे गडद आणि चकचकीत, ठेच लागते तिथे फिकं आणि कोरडं. आपण बहुतेक जण उलटं करतो: सगळीकडे एक तपकिरी, खोबणीत काळा वॉश म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरट ड्रायब्रश, वर एकसारखा ग्लॉस. त्याचंच चॉकलेट होतं.

सीटच्या गादीला तू असं कर. खाली लालसर गडद तपकिरी. लाली हवी, नाहीतर ते माती दिसतं. वाळलं की भांडी घासायच्या स्पंजाचा कोपरा तोडून त्याच रंगात बफ मिसळून नुसतं टिपत जा, गादीच्या उभारावर आणि कडेला. पांढरा मिसळू नकोस, गुलाबी खडूसारखं होतं. टिपके वेडेवाकडे पडले की बरं वाटायला लागेल. मग बर्न्ट अंबरचा फार पातळ ऑइल हात सगळ्यावर, आणि तासाभराने उभार पुसून काढ, खोबणीत राहू दे. हे सगळं वाळलं की चकाकीचा खेळ. सगळ्या गादीवर मॅट वॉर्निश, आणि पायलटची बैठक जिथे घासते तेवढ्या मधल्या जागी सॅटिनचा एक ठिपका बोटाने पसरव. कुणाला कळणार नाही काय केलंय, पण बघणारा म्हणेल “चामडं आहे.” मी पैज लावून जिंकलोय, त्यातली कचोरी आमच्या सौभाग्यवतींनी खाल्ली.

कॉकपिटच्या काठाला शिवलेली चामड्याची गादी असते. तिच्यावर तू चंदेरी ओरखडे काढलेस. अरे, चामड्याखाली धातू कुठून येणार? तिथे फिके तपकिरी ओरखडे काढ, तेही पायलट चढताना हात टाकतो त्या बाजूलाच. टाके हवेच असतील तर सुईच्या टोकाने फिका ठिपका, ठिपक्यात अंतर ठेवून. खरा ५ मिलिमीटरचा टाका तुझ्या स्केलला ०.१ मिलिमीटर होतो. काढल्यावर आपण शिंपी नाही हे कळेल. सगळ्या काठाला टाके घालू नकोस, उजेड पडतो तेवढ्या भागात घाल आणि बाकी डोळ्यांवर सोड.

लाकूड आणि चामडं शेजारी असतील तर दोघांची चकाकी वेगळी ठेव. धडाचं वॉर्निश जरा तकाकतं, चामडं त्याहून मंद. सगळ्या मॉडेलवर शेवटी एकच क्लिअर कोट मारायची सवय असेल तर आतापर्यंतची मेहनत त्या एका हाताखाली सपाट होईल. हल्ली हे करून बघायला खरं विमानही हाताशी नाही. आपल्या बडोद्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाची जुळणी होते, पण त्यात लाकूड औषधालाही सापडणार नाही.

तुझं आत्ताचं धड फेकू नकोस. रेघा अॅक्रिलिकच्या आहेत म्हणतोस, तर १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलकेच घास, रेघांचा उंचवटा गेला की पुरे, कोरीव सांधे मारू नकोस. वर पुन्हा प्रायमर आणि तिथून सुरुवात. पण धडाला हात लावायच्या आधी चमच्यावर कर. आइस्क्रीमचे प्लास्टिकचे दहा चमचे घे, पाठीवर प्रायमर मार आणि प्रत्येकावर वेगळा पाया, वेगळी सिएना, एक हात, दोन हात, तीन हात. मागे मार्करने काय केलं ते लिही. माझ्याकडे असे चमचे बिस्किटाच्या दोन डब्यांत भरलेत, अजूनही नवं किट उघडलं की आधी ते डबे उघडतो.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, प्रोपेलरवरचं पक्ष्याचं चिन्ह काय आहे. तो गरुड. गरुड नावाचीच प्रोपेलर बनवणारी जर्मन कंपनी होती आणि ते नाव आपल्याकडूनच गेलेलं. डिकल शीटवर दोन आहेत, एकेक पात्याला एकेक. शाईच्या वॉर्निशचा हात पुरता वाळल्यावर लाव, डिकल बसवायचं सोल्युशन ब्रशच्या टोकाने दे, आणि सॅटिनचा शेवटचा हात दुसऱ्या दिवसावर ठेव.